घरची गाडी निवडताना
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर आहारावर, मुलांच्या अभ्यासावर, बचतीवर पुष्कळ बोलणे झाले. मोटारगाडीवर मात्र कोणी बोलले नाही. मी हा विषय मागून घेतला, तेव्हा काहींना हसू आले. "गाडीतले बायकांना काय कळते?" असे म्हणणारे पुरुष घरोघरी आहेत आणि आपणही ते मुकाट्याने ऐकून घेतो. शोरूममध्ये गेलो तर साहेबांना इंजिनाबद्दल सांगतात आणि आपल्याला रंग विचारतात. पण भगिनींनो, घर बांधणे आणि मुलांची लग्ने सोडली, तर संसारातला सर्वांत मोठा खर्च आता गाडीचाच असतो. पाच-सात वर्षे हप्ता जातो, तो आपल्याच घरखर्चातून. दुधाचे, वाण्याचे, शाळेच्या फीचे पैसे ज्या हाताने मोजले जातात, त्या हाताला गाडीचा हिशेब का येऊ नये? मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. पण बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार यांपलीकडचे काही या विषयात लागत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

आमची जुनी गाडी 22 जुलै 2021 च्या पुरात गेली. त्यानंतर काही वर्षे आम्ही दुचाकीवर आणि एस.टी.वर काढली. मग नवी घ्यायचे ठरले. यजमानांना मजबूत गाडी हवी होती. मुलाला हल्ली सर्वत्र दिसते तशी उंच, छोटी एस.यू.व्ही. हवी होती. धाकट्या भावोजींची आंब्याची बाग आहे. त्यांचे म्हणणे असे की, गाडीला मागे हूक लावून एक छोटी ट्रॉली जोडावी, म्हणजे मोसमात पेट्यांची ने-आण घरच्या घरी होईल. सासूबाईंचे म्हणणे एवढेच की, चढताना गुडघा दुखता कामा नये. प्रत्येकाचे खरे होते, आणि पैसा एकच होता. तेव्हा मी वही घेतली आणि एकेक गोष्ट लिहून काढली. त्या वहीतले आज सांगते.

आधी काम लिहावे, मग गाडी पाहावी

कापड आणण्याआधी आपण माप घेतो. गाडीचेही तसेच करावे. आमच्या वहीत कामे अशी निघाली. आठवड्यातून दोन-तीनदा बाजार आणि खेर्डी. महिन्यातून एकदा डेरवणच्या रुग्णालयात सासूबाईंची तपासणी. दीड-दोन महिन्यांनी कुंभार्ली घाट चढून पाटणवरून कऱ्हाडला मुलाकडे. गुहागरच्या बाजूला माहेर. मोसमात आंबा. गणपतीत पाहुणे. या सर्वांची बेरीज केली, तर वर्षाला सुमारे 7,000 किलोमीटर भरले. हा आकडा फार महत्त्वाचा आहे. पुढचा सर्व हिशेब त्याच्यावर उभा राहतो. ज्यांच्या घरी रोज लोट्याच्या कारखान्यात गाडी जाते, त्यांचा आकडा दुप्पट-तिप्पट निघेल, आणि त्यांचे उत्तर आमच्याहून वेगळे येईल. म्हणून शेजारणीने घेतली तीच गाडी आपणही घ्यावी, हे बरोबर नाही.

आपल्या गावाचे काही गुणधर्म आहेत, तेही लिहावेत. घाट आहे. पाऊस चार महिने आहे. महामार्गाची कामे आणि खड्डे आहेत. म्हणून गाडीचे पोट जमिनीपासून उंच हवे. त्याला ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात. छोट्या एस.यू.व्ही. गाड्यांत तो साधारण 185 ते 210 मिलिमीटर असतो, म्हणजे वीतभर समजा. साध्या मोटारीपेक्षा दोन-चार बोटे अधिक. पण वीतभर उंची म्हणजे पुरात घालायचा परवाना नव्हे, हे मुलांना बजावून सांगावे.

चार मीटरची गोष्ट

या छोट्या गाड्या चार मीटरच्या आतच का असतात, हे मला कोडे होते. त्याचे कारण करात आहे. 2006 सालच्या केंद्राच्या अंदाजपत्रकात लहान गाडीची व्याख्या झाली. लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोलचे इंजिन 1200 सी.सी.पर्यंत किंवा डिझेलचे 1500 सी.सी.पर्यंत. अशा गाडीवरचे उत्पादन शुल्क तेव्हा 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणले. तेव्हापासून कारखानदार त्या मापात गाड्या बसवू लागले. 22 सप्टेंबर 2025 पासून जी.एस.टी.चे दर बदलले. या मापातल्या गाडीवर 18 टक्के आणि मापाबाहेरच्या गाडीवर 40 टक्के. मापात बसायचे तर लांबी आणि इंजिन, दोन्ही अटी पाळाव्या लागतात. म्हणजे लांबी चार मीटरच्या आत असूनही पेट्रोलचे इंजिन 1200 च्या वर असेल, तर ती गाडी 40 टक्क्यांतच जाते. मारुतीची ब्रेझा हे त्याचे उदाहरण आहे. तिचे इंजिन 1462 सी.सी.चे आहे. यामुळे ती गाडी वाईट ठरत नाही. मोठ्या साध्या इंजिनाचेही गुण असतात. पण किमतीत कर किती आणि लोखंड किती, हे विचारून घ्यावे.

ट्रॉली ओढावी का?

आता भावोजींची ट्रॉली. परदेशात घरची मोटार मागे गाडा जोडून बोट किंवा सामान नेताना चित्रात दिसते. आपल्याकडे ते अगदीच विरळ. मी चौकशी केली, ती अशी.

पहिली गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेसुद्धा वाहनच धरलेले आहे. म्हणजे लोहाराकडून सांगाडा करून घेतला, दोन चाके लावली आणि जोडला, असे चालत नाही. त्याची नोंदणी हवी, त्याला नंबर हवा, विमा हवा. शिवाय खासगी पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाडे घेऊन दुसऱ्याचा माल नेता येत नाही. स्वतःच्या चार पेट्या नेणे वेगळे, आणि शेजाऱ्यांच्या पेट्या पैसे घेऊन नेणे वेगळे.

दुसरी गोष्ट गाडीच्या ताकदीची. गाडीबरोबर जे पुस्तक मिळते, त्यात ओढण्याबद्दल काय लिहिले आहे ते विकत घेण्याआधी पाहावे. शोरूममध्ये ते मागून घ्यावे. किती किलो ओढता येईल हा आकडा छापलेला असेल तर तो प्रमाण. मनाई असेल किंवा आकडाच नसेल, तर त्या गाडीने ओढायचे नाही, असा सरळ अर्थ घ्यावा. विक्रेता तोंडाने काहीही म्हणो.

तिसरी गोष्ट घाटाची, आणि तीच मला सर्वांत मोठी वाटते. भार चढवताना इंजिन दमते, ते आपल्याला ऐकू येते. पण धोका उतरताना असतो. मागचा गाडा भरलेला, त्याला स्वतःचे ब्रेक नाहीत, आणि कुंभार्लीच्या वळणावर तो गाडीला मागून ढकलतो. सारा भार पुढच्या एका गाडीच्या ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते. त्यात पाऊस असला म्हणजे बघायलाच नको.

मग मी भावोजींना हिशेब करून दाखवला. मोसमात आपल्या चार फेऱ्या होतात. छोटा टेम्पो भाड्याने आणला, तर फेरीला अडीच हजार धरून दहा हजार. ट्रॉली करायला कारागीर साठ हजार सांगतो. नोंदणी, विमा, हूक वेगळे, आणि आठ महिने ती पावसात गंजत पडणार. सहा वर्षांच्या टेम्पोच्या भाड्यात ट्रॉली नुसती उभी राहते. भावोजी समजूतदार आहेत. म्हणाले, "वहिनी, मग राहू द्या. पण चार पेट्या तरी गाडीत बसू द्यात."

त्या चार पेट्यांचेही गणित सांगते. प्रत्येक गाडीचे दोन आकडे असतात. रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन. वजाबाकी केली की गाडीत किती घालता येईल ते निघते. छोट्या एस.यू.व्ही.त ते बहुधा चारशे ते साडेचारशे किलोच्या आसपास भरते. पाच माणसे पासष्ट किलोंची धरली, तर सव्वातीनशे तिथेच संपले. आंब्याची भरलेली पेटी वीस-बावीस किलोंची. म्हणजे पाच माणसांबरोबर चार पेट्या ठीक, पण दहा पेट्या म्हणजे आणखी तीन माणसे अधिक बसवल्यासारखे होते. पेट्या न्यायच्या तर माणसे कमी करावीत, आणि चाकांत हवा पुस्तकात भरलेल्या गाडीसाठी सांगितली आहे तेवढी भरावी.

बिघडलेली गाडी दोरीने ओढून नेणे हा मात्र निराळा विषय आहे, आणि ती वेळ कोणावरही येते. 1989 च्या रस्ते नियमांत त्याबद्दल चांगल्या सूचना होत्या, त्या आजही ध्यानात धराव्यात. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा अधिक अंतर नको. वेग ताशी 24 किलोमीटरच्या आत. दोरी इतरांना दिसेल अशी, आणि मागच्या गाडीवर ओढून नेत असल्याची पाटी. ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढू नये, ती उचलून नेणाऱ्या गाडीवर चढवावी. नाहीतर गिअरचा डबा बिघडतो. घाटात तर कोणतीच गाडी दोरीने ओढू नये.

घाटात कोणती गाडी दमत नाही?

यजमान 'पॉवर किती' असे विचारत. एका जाणत्या मिस्त्रीने मला सांगितले, "ताई, घाटाला पॉवरपेक्षा टॉर्क पाहा." टॉर्क म्हणजे पीळ. विहिरीचा रहाट फिरवताना पहिला हिसका द्यायला जो जोर लागतो, तो पीळ. तो न्यूटन मीटरमध्ये सांगतात. पंचसारख्या साध्या पेट्रोल गाडीत तो 115 च्या आसपास आहे, नेक्सॉनच्या टर्बो पेट्रोलमध्ये 170, आणि त्याच गाडीच्या डिझेलमध्ये 260. फरक केवढा आहे पाहा. आकड्याबरोबर तो पीळ इंजिनाच्या किती फेऱ्यांवर मिळतो, हेही विचारावे. कमी फेऱ्यांवर मिळाला तर चढावर वारंवार गिअर बदलावा लागत नाही.

पण कागदावरचा आकडा हा कागदावरच राहतो. गाडी चालवून पाहायला देतात, ती एकट्या यजमानांनी सपाट रस्त्यावर पाहू नये. घरची पाच माणसे बसवावीत, ए.सी. लावावा आणि परशुराम घाट चढावा. चढावर थांबवून पुन्हा सुरू करावी. सासूबाईंना दोनदा चढ-उतार करायला लावावे. मागच्या बाकावर आपण स्वतः बसून पाहावे. आम्ही तसे केले, तेव्हा पसंत केलेल्या तीन गाड्यांपैकी एक तिथेच गळाली. इंजिन चांगले होते, पण मागचे दार इतके अरुंद की सासूबाईंचा पाय अडकला.

इंधनाचा हिशेब

जाहिरातीत लिटरला 18, 20, 22 किलोमीटर असे आकडे असतात. ते खोटे नसतात. आपल्या पुण्याला 1966 साली स्थापन झालेली ए.आर.ए.आय. नावाची संस्था आहे. तिथे आणि तशा इतर केंद्रांत गाडी रुळांवर फिरवून, ठरलेल्या वेगाने चाचणी घेतात. तिथे घाट नसतो, खड्डा नसतो, बहादूरशेख नाक्यावरची गर्दीही नसते. म्हणून हा आकडा एका गाडीची दुसरीशी तुलना करायला वापरावा. घरच्या हिशेबाला त्यातून पाचवा-चौथा हिस्सा वजा करावा.

खरा आकडा काढायची रीत सोपी आहे. टाकी पूर्ण भरावी, किलोमीटरचा आकडा लिहावा. पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरावी. जितके लिटर गेले, त्याने मधल्या किलोमीटरना भागावे. एकदा काढून भागत नाही. चार-पाच वेळा काढून सरासरी घ्यावी.

आता आमच्या 7,000 किलोमीटरचा हिशेब ऐका. भाव रोज हलतात, म्हणून हे आकडे उदाहरणादाखल घ्या. आपापल्या वहीत त्या दिवशीचे घालावेत.

पेट्रोलची गाडी लिटरला 15 किलोमीटर देते असे धरू, भाव 105 रुपये. वर्षाला 49,000 रुपये.

डिझेलची 18 देते, भाव 92. वर्षाला सुमारे 35,800.

सी.एन.जी.ची किलोला 21 देते, भाव 88. वर्षाला सुमारे 29,300.

डिझेलमध्ये वर्षाला तेरा हजार वाचले. पण आम्ही पाहिलेल्या डिझेल गाडीची किंमत पेट्रोलपेक्षा सव्वा लाखावर होती. ते पैसे फिटायला दहा वर्षे लागतील. सी.एन.जी.मध्ये वीस हजारांच्या जवळ वाचले आणि गाडी सुमारे पंच्याण्णव हजारांनी महाग. पाच वर्षांत फिटते. ज्यांचे वर्षाला 15,000 किलोमीटर होतात, त्यांचे निम्म्याहून कमी वेळात फिटेल.

पैशांखेरीज आणखीही पाहावे लागते. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहा लागू झाले. तेव्हापासून डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी धरणारी चाळण असते. ती अधूनमधून तापून काजळी जाळते, आणि त्यासाठी गाडी सलग, मोकळ्या रस्त्यावर चालावी लागते. बाजारात दोन किलोमीटर जाऊन परत येणाऱ्या गाडीला ती संधी मिळत नाही आणि चाळण तुंबते. रोजच्या लांब पल्ल्याला डिझेल उत्तम, पण गावातल्या गावात फिरायला ते महाग पडते. सी.एन.जी.मध्ये टाकी सामानाच्या जागेत बसते. एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या तळाशी ठेवून जागा राखणाऱ्या गाड्या 2023 पासून निघाल्या आहेत. त्या पेटी ठेवून पाहाव्यात. गॅसवर घाटात जोर थोडा कमी पडतो, आणि टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. विजेच्या गाडीचा चालवण्याचा खर्च सर्वांत कमी आणि चढावर ताकद भरपूर. घाट उतरताना थोडी वीज परतही मिळते. पण घरी चार्ज करायची पक्की सोय हवी. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते, हे मी सांगायला नको.

पेट्रोलात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून सरासरी काही टक्क्यांनी उतरते. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्यांचे नळ, रबर त्याला टिकतील असे बनवलेले आहेत. जुनी गाडी विकत घेणारांनी मात्र तिचे साल पाहावे आणि ई-20 चालते की नाही हे पुस्तकात तपासावे.

वॉरंटी म्हणजे काय आणि काय नव्हे

एका शोरूममधल्या तरुणाने मला सांगितले, "काकू, तीन वर्षे काळजीच नको. सगळे वॉरंटीत." मी म्हटले, "बाळा, हे 'सगळे' मला छापलेले दाखव." त्याने पुस्तिका आणली आणि आम्ही दोघांनी मिळून वाचली. सगळे नव्हते.

वॉरंटी ही कारखान्यातून राहिलेल्या दोषाची हमी असते. एखादा भाग मुळातच सदोष निघाला, तर तो बदलून देतात. ब्रेकचे लायनिंग, क्लच, वायपर, तेल, फिल्टर हे झिजणारे सामान त्यात बहुधा धरत नाहीत. टायर आणि बॅटरी यांची हमी त्यांच्या त्यांच्या कंपनीची असते. अपघात, पूर, उंदराने कुरतडलेल्या तारा हे वॉरंटीत नाही. सर्व्हिसिंग ठरल्या वेळी, ठरल्या ठिकाणी केले नाही, तर हक्क अडतो. बाहेरून हूक, दिवे, हॉर्न बसवताना तारा कापल्या आणि त्यामुळे बिघाड झाला, तरीही अडतो.

मुदतीत 'वर्षे' आणि 'किलोमीटर' असे दोन आकडे असतात. जो आधी संपेल तो खरा. मारुतीने जुलै 2024 पासून 2 वर्षे किंवा 40,000 किलोमीटरऐवजी 3 वर्षे किंवा 1 लाख किलोमीटर अशी मुदत केली. काही कंपन्या किलोमीटरची मर्यादा ठेवत नाहीत. आमच्यासारख्या कमी फिरणारांना वर्षे महत्त्वाची, आणि रोज फिरणारांना किलोमीटर. वाढीव वॉरंटी विकत मिळते. ती टर्बो, ऑटोमॅटिक किंवा फार विजेची उपकरणे असलेल्या गाडीला घ्यावी असे माझे मत झाले, कारण त्यातला एकेक भाग हजारांच्या घरात जातो. पण ती कंपनीची स्वतःची असावी आणि कोणते भाग त्यात आहेत ते वाचून घ्यावे.

हमी कागदावर असते आणि दुरुस्ती गावात करावी लागते. म्हणून सर्व्हिस केंद्र किती लांब, हेही निवडीत धरावे. त्यासाठी प्रत्येक वेळी रत्नागिरी किंवा कऱ्हाड गाठावे लागले, तर एक दिवस आणि हजार रुपये जातातच. गाडी टिकाऊ आहे का, हे जाहिरातीला विचारू नये. तीच गाडी पाच वर्षे चालवलेल्या दोन घरी जाऊन विचारावे. घरातल्या बाईला विचारावे. पुरुष आपल्या गाडीची निंदा सहसा करत नाहीत.

तक्रार झाली तर तोंडी भांडू नये. लेखी द्यावी, पोच घ्यावी. 1915 हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा दूरध्वनी आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे.

आपल्या गावाचा धडा

भगिनींनो, 26 जुलै 2005 आणि 22 जुलै 2021 हे दोन दिवस आपल्यापैकी कोणीच विसरणार नाही. वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचे पाणी बाजारात शिरले, तेव्हा गाड्या होड्यांसारख्या तरंगत होत्या. त्यानंतर विमा कंपन्यांकडे फेऱ्या मारणारांत दोन तऱ्हा मी पाहिल्या. काहींकडे फक्त तिसऱ्या पक्षाचा विमा होता. कायद्याने तेवढाच सक्तीचा आहे, आणि त्यात आपल्या स्वतःच्या गाडीला एक पैही मिळत नाही. पूर्ण विमा असेल, तरच पुराची भरपाई मिळते.

दुसरी तऱ्हा अधिक दुःखाची. पाणी ओसरल्यावर एका शेजाऱ्यांनी 'बघू तरी चालते का' म्हणून किल्ली फिरवली. इंजिनात पाणी गेलेले होते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे आतला दांडा वाकतो आणि इंजिन फुटते. पुरात भिजणे हे नुकसान विम्यात बसते. पण भिजल्यावर सुरू करून झालेले इंजिनाचे नुकसान साध्या विम्यात बहुधा बसत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षण नावाची पुरवणी घ्यावी लागते. चिपळुणात राहणाराने ती घ्यावीच. वर्षाला काही हजार जातात, पण इंजिनाला लाख-दीड लाख लागतात. आणि पाणी लागलेल्या गाडीची किल्ली फिरवायची नाही, शक्य असल्यास बॅटरीची तार सोडायची, छायाचित्र काढायचे आणि विमा कंपनीला कळवायचे, एवढे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवे.

गाडी घेण्याआधी आणखी एक ठरवावे. जुलैत पाणी वाढू लागले, की ती कोणाच्या अंगणात उभी करायची? उंचावरच्या आप्तांना आजच विचारून ठेवावे. दहा लाखांची वस्तू आणि तिला अर्ध्या रात्री हलवणारा माणूस घरात नाही, असे होऊ नये. माझ्या मते त्यासाठी तरी घरातल्या एका बाईने गाडी चालवायला शिकलेच पाहिजे. पुरुष दुकानात अडकलेले असतात. घरी आपण असतो.

शेवटचे दोन शब्द

आम्ही अखेर चार मीटरच्या आतली, टर्बो पेट्रोलची, हाताने गिअर बदलायची गाडी घेतली. तिचे नाव सांगत नाही, कारण ते सांगितले की भाषणाची जाहिरात होते आणि तुम्ही आपला हिशेब करायच्या राहता. सुरक्षिततेचे तारे पाहून घेतली. ऑक्टोबर 2023 पासून भारत एन-कॅप नावाने अशी चाचणी आपल्या देशातही होते. गाडी ठोकरून आतल्या माणसांचे काय होईल ते पाहतात आणि एकापासून पाचपर्यंत तारे देतात. छपराला उघडणारी काच नाही घेतली. त्या पैशांत वाढीव वॉरंटी आणि इंजिन संरक्षण आले. मुलगा दोन दिवस रुसला, तिसऱ्या दिवशी गाडी धुवायला बसला.

मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपल्या सभासदांपैकी ज्यांच्या घरी गाडी आहे, त्यांनी मंडळाच्या कपाटात एक वही ठेवावी. गाडी कोणती, साल कोणते, टाकी भरून काढलेली खरी सरासरी किती, घाटात कशी, वॉरंटीत काय मिळाले आणि काय नाकारले, दुरुस्तीला किती लागले, एवढेच त्यात लिहावे. वर्षभरात पंधरा-वीस घरांची नोंद झाली, तरी पुढे गाडी घेणाऱ्या बहिणीला ती कोणत्याही जाहिरातीपेक्षा उपयोगी पडेल. पहिल्या पानावर मी आमच्या गाडीची नोंद आजच करून ठेवली आहे. दुसरे पान तुमच्यासाठी मोकळे आहे.